ऑर्गोमध्ये सी प्लस येतोय, हॉस्पिटलची व्हॉलंटियरिंग सोडून देऊ का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तू न्यू जर्सीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, सहावीपर्यंत नाशिकला होतीस, ग्रीन कार्ड आलंय, मेडिसिनला जायचंय. पहिल्या वर्षाचा जीपीए, म्हणजे ग्रेडची चारपैकी सरासरी, 3.7 होता, आता ऑर्गोच्या, म्हणजे ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या, दोन टेस्ट झाल्यावर सी प्लसवर अडकलीयस. सतरा क्रेडिट, आठवड्याला हॉस्पिटलच्या चार-चार तासांच्या दोन शिफ्ट, एका लॅबमध्ये काम, एका क्लबचं सेक्रेटरीपद, वर रविवारी मराठी शाळेत छोट्या मुलांना शिकवणं. आणि हॉस्पिटलमध्ये तुला नुसत्या व्हीलचेअर ढकलायला देतात, त्यामुळे आई म्हणते हे सोड आणि अभ्यास कर, बाबा म्हणतात उन्हाळ्यात नाशिकला काकाच्या हॉस्पिटलात जा, तिथे खरं काम करायला मिळेल.

मी इंटर्नल मेडिसिनची डॉक्टर, हॉस्पिटलिस्ट, म्हणजे ऍडमिट झालेले पेशंट बघते. एमबीबीएस मिरजेला केलं, रेसिडेन्सी इकडे, वीसेक वर्षं झाली आता इथल्या वॉर्डात, आणि त्यातली नऊ वर्षं एका मेडिकल स्कूलच्या ऍडमिशनच्या मुलाखती घेतेय. माझ्या स्वतःच्या पुतणीलाही याच रस्त्याने जाताना बघितलंय.

आधी उत्तर देऊन टाकते, कारणं मागून. हॉस्पिटल सोडू नकोस, दोन शिफ्टची एक कर. लॅब आणि क्लब या सेमिस्टरपुरते थांबव. मराठी शाळा चालू ठेव. नाशिकला जरूर जा पण पेशंटला हात लावू नकोस. आणि ऑर्गोच्या प्रोफेसरला याच आठवड्यात भेट, कोर्स विथड्रॉ करायचा, म्हणजे मधेच सोडायचा, की नाही ते त्या भेटीनंतर ठरव.

आता व्हीलचेअरबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे, तुझाही आणि आईबाबांचाही. आईबाबांचं मी समजू शकते. आपल्याकडे मेडिकलला जायचं म्हणजे नीटची 720 मार्कांची परीक्षा, तिथे तू कुणाला व्हीलचेअरवरून नेलंस का असं कोणी विचारत नाही, मार्क आले की सीट मिळाली. आणि दुसरी गोष्ट, आपल्याकडे सरकारी वॉर्डात पेशंटबरोबर चार माणसं असतातच. मी मिरजेला शिकत होते तेव्हा सांगली-कोल्हापूरकडचे आणि पार कर्नाटकातून आलेले पेशंट असायचे, कोणाची बहीण, कोणाचा जावई, कोणाचा शेजारी, स्ट्रेचर तेच ढकलायचे, रक्ताची बाटली आणायला तेच पळायचे, रात्री कॉटखाली चटई टाकून तेच झोपायचे. त्यामुळे पेशंटला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं हे शिकण्यासारखं काही काम आहे असं तिकडे वाढलेल्या माणसाच्या डोक्यात येतच नाही. इथे मात्र पंच्याऐंशी वर्षांची बाई दिवसभर एकटी पडून असते, मुलगा टेक्सासला, मुलगी कामावर, आणि सीटी स्कॅनला नेताना तिच्याबरोबर जो माणूस असतो तो तूच. त्या आठ-दहा मिनिटांत ती ज्या गोष्टी बोलते त्या आम्ही राउंडला गेल्यावर ती बोलत नाही.

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मराठी आजी ऍडमिट होत्या, मुलाकडे म्हणून आलेल्या, लघवीचं इन्फेक्शन आणि अंगातलं पाणी कमी झालेलं. इन्फेक्शन उतरत होतं पण क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा, म्हणावं तसं खाली येईना, आणि नर्सच्या नोंदीत रोज तेच, पाणी पीत नाहीत, नको म्हणतात. मी दोन वेळा जाऊन मराठीत समजावलं, आजी पाणी प्यायला पाहिजे हं, त्या हो हो म्हणाल्या. सलाइन चालूच होतं. तिसऱ्या दिवशी एक व्हॉलंटियर मुलगा, मराठी तर नाहीच, भारतीयही नाही, नर्सिंग स्टेशनला येऊन नर्सला म्हणाला की त्या दर वेळी ग्लासला हात लावून बघतात आणि परत ठेवून देतात, मी गरम पाणी नेऊन दिलं तर चालेल का. नर्सने चार्ट बघितला, गिळण्याची काही अडचण नव्हती, कुठली टेस्ट नव्हती, म्हणाली ने. आजींनी तो मोठा कागदी ग्लास एका दमात संपवला आणि अजून मागितलं.

इथे हॉस्पिटलात पाणी देतात ते बर्फ घालून, तो जग भरून ठेवलेला असतो आणि सगळ्यांना वाटतं की पाणी दिलंय. मी इतकी वर्षं तो जग बघत आले होते. नंतर आजींना विचारलं, मला का नाही सांगितलंत, तर म्हणाल्या, अगं तू डॉक्टर, तुला पाण्याचं काय सांगायचं.

हे मी तुला मुद्दाम सांगतेय, कारण त्या मुलालाही फक्त व्हीलचेअर आणि ब्लँकेट एवढंच काम होतं. त्याने औषध दिलं नाही, काही ठरवलं नाही, नियम मोडून परस्पर पाणीही दिलं नाही, आधी नर्सला विचारलं. हे विचारणं फार महत्त्वाचं आहे बरं का. खोलीबाहेर एनपीओचा कागद लावलेला असतो, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, एखाद्याची सर्जरी असते, एखाद्याला पक्षाघातानंतर पातळ पाणी फुप्फुसात जायची भीती असते, त्याला घट्ट केलेलंच पाणी चालतं. तू दयेपोटी दिलेला घोटभर पाण्याचा ग्लास निमोनियाचं कारण होऊ शकतो. म्हणून आधी बघायचं, मग विचारायचं आणि त्यानंतरच करायचं. डॉक्टर झाल्यावरही हाच क्रम आहे, फक्त विचारायची माणसं बदलतात.

व्हीलचेअरचंही तसंच. तुला ओरिएंटेशनला सांगितलं असेलच, पेशंट बसताना-उठताना दोन्ही ब्रेक लावायचे, फूटरेस्ट वर केल्याशिवाय उभं राहू द्यायचं नाही कारण पाय त्यातच अडकून माणूस तोंडावर पडतो, लिफ्टमध्ये शिरताना उलटं ओढत शिरायचं म्हणजे पेशंटचं तोंड दाराकडे राहतं, उतारावरूनही उलटंच. पिवळा बँड किंवा पिवळे मोजे दिसले की हा पेशंट पडू शकतो, त्याला तू उठवायचं नाही, नर्सला बोलवायचं. आमच्या इंटर्नना हे येत नाही कित्येकदा. माझ्यासमोर एका नवीन इंटर्नने ब्रेक न लावता आजोबांना खुर्चीत बसवायला घेतलं होतं, एका व्हॉलंटियर मुलीनेच पटकन चाक धरलं.

आणि पेशंटशी काय बोलायचं हा तुझा प्रश्न होता. तुम्हाला काय झालंय हे विचारू नकोस, तो तुझा विषय नाही. थंडी वाजतेय का, ब्लँकेट आणू का, एवढं विचार. त्या वॉर्मरमधल्या गरम ब्लँकेटने माणूस जितका बोलका होतो तितका आमच्या प्रश्नांनी होत नाही. गप्प असेल तर तूही गप्प राहा, ते पण चालतं. डिस्चार्ज झालेल्या पेशंटला दारापर्यंत सोडायला जाशील तेव्हा बघ, कोणाला न्यायला कोण येतं, कोण एक तास लॉबीत राइडची वाट बघत बसतं, कोणाच्या मांडीवर औषधांची पिशवी असते आणि कोणाकडे नुसती प्रिस्क्रिप्शन. पुन्हा ऍडमिट कोण होणार याचा अंदाज मला तिथे जास्त येतो.

एक गोष्ट मात्र अगदी सांभाळ. तुमच्याकडे मराठी मंडळ मोठं आहे, एखाद दिवशी ओळखीचे काका किंवा मावशी तुला तिथे गाऊनमध्ये दिसणार. ते घरी सांगायचं नाही. आईलाही नाही. आज कोण ऍडमिट होतं माहितीये का, हे वाक्य जेवणाच्या टेबलावर येताच कामा नये, व्हॉट्सऍप ग्रुपवर तर नाहीच, नाव न घेता सुद्धा नको कारण आपल्या लोकांत अर्ध्या खुणेवरून माणूस ओळखतात. इथे पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा 1996 चा हिपा कायदा आहे, बॅज जाईल हे तर आहेच, पण आपल्या समाजात माणसं मानसिक आजाराचे, दारूचे, गर्भपाताचे उपचार लपवून घेतात आणि ओळखीचं पोरगं बॅज लावून दिसलं की घाबरतात. तुझ्याकडून बाहेर जाणार नाही हे त्यांना कळलं पाहिजे. तसंच मराठी येतं म्हणून कोणी तुला डॉक्टरचं बोलणं भाषांतर करून सांगायला लावलं तर नम्रपणे नाही म्हण, त्यासाठी प्रशिक्षित इंटरप्रिटर फोनवर मिळतात. गरम पाणी हवंय हे सांगणं वेगळं आणि बायोप्सीचा रिपोर्ट सांगणं वेगळं.

आता तासांचा हिशोब. तू लिहिलंयस की सिनियर मुलं म्हणतात पाचशे तास लागतात. असा आकडा मेडिकल स्कूलने ठरवून दिलेला नसतो, काही शाळा किमान अपेक्षा सांगतात, बहुतेक नाही. मुलाखतीला बसल्यावर मी काय बघते ते सांगते. कधी सुरू केलं आणि कधी संपवलं हे बघते. दोन-अडीच वर्षं दर आठवड्याला एक शिफ्ट, हे एका उन्हाळ्यात कोंबलेल्या तीनशे तासांपेक्षा जास्त बोलतं, कारण त्यात तुझ्या मिडटर्म येऊन गेल्या, बर्फ पडला, कंटाळा आला आणि तरी तू गेलीस. आणि मग मी एकच विचारते, तिथे काय बघितलंस. पुष्कळ हुशार मुलं इथे अडकतात. माणसांची सेवा करायची आहे, विज्ञानाची आवड आहे, हे सगळे बोलतात. पण एक पेशंट, एक खोली, एक गोष्ट सांग म्हटलं की आठवत नाही, कारण तेव्हा लक्षच नव्हतं, तास मोजणं चालू होतं.

म्हणून एक साधी वही कर. शिफ्टवरून घरी आलीस की झोपायच्या आधी चार ओळी, तारीख, किती तास, कुठला मजला, आणि आज बघितलेली एक गोष्ट. पेशंटचं नाव नाही, खोली नंबर नाही, आजार नाही. ही वही पुढे फार उपयोगी पडते. ॲमकास, म्हणजे मेडिकल स्कूलना अर्ज करायची सामाईक सेवा, तिच्या अर्जात कामांसाठी पंधराच जागा असतात, प्रत्येकाला 700 अक्षरं, स्पेस धरून, त्यातली तीन महत्त्वाची म्हणून निवडायची, त्यांना आणखी 1325 अक्षरं मिळतात, आणि निबंधाला 5300. फार थोडी जागा आहे ही. दोन वर्षांनी आठवून लिहायला बसलीस तर सगळ्यांसारखंच लिहिशील. प्रत्येक कामाला संपर्काचं माणूसही लागतं, तेव्हा तुमच्या व्हॉलंटियर ऑफिसच्या कोऑर्डिनेटरशी नीट ओळख ठेव. शिफ्ट कमी करायचीय हेही त्यांना आधी जाऊन सांग, न सांगता गैरहजर राहू नकोस, तेवढ्यावरून माणूस कळतो त्यांना.

ऑर्गोकडे येते. हे तुला हॉस्पिटलपेक्षा आधी सोडवायचं आहे, आई तिथे बरोबर आहे. जीपीए पडला तर वॉर्डातल्या तासांनी तो भरून येत नाही, हे स्पष्ट सांगते. एका वर्षी साधारण 52 हजार अर्ज येतात आणि 23 हजारांच्या आसपास जागा भरतात, आणि प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए 3.7 च्या वर असतो. ॲमकास बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्सचा वेगळा सायन्स जीपीए काढते, आणि आम्ही तो आधी बघतो.

पण घाबरून जाऊ नकोस, हिशोब करून बघ. समज तुझे आत्तापर्यंत 45 क्रेडिट 3.7 ने झालेत आणि ऑर्गोच्या 4 क्रेडिटला सी प्लस म्हणजे 2.3 लागला, तर जीपीए 3.59 च्या आसपास येतो. त्यानंतर पुढची 75 क्रेडिट 3.8 ने केलीस तर परत 3.7 च्या वर जातेस. एका सी प्लसने कोणाचं करिअर संपलेलं मी बघितलेलं नाही. ऑर्गो एकला सी प्लस आणि ऑर्गो दोन, बायोकेमिस्ट्रीला ए अशी मुलं घेतलीत आम्ही. ज्यांचा सी प्लस त्याच पद्धतीने अभ्यास करत राहिल्याने सी झाला आणि मग बायोकेमिस्ट्रीतही तेच, ती मुलं अडकली.

विथड्रॉचं म्हणशील तर, ट्रान्सक्रिप्टवर एखादा डब्ल्यू असला तर काही बिघडत नाही, चार असले तर विचारतात. तुझी सतरा क्रेडिट आहेत, ऑर्गो आणि त्याची लॅब सोडलीस तरी तेरा उरतात, म्हणजे फुल टाइम राहतेस, आर्थिक मदतीला धक्का लागायचा नाही, तरी फायनान्शियल एड ऑफिसला विचारूनच घे. तोटा एवढाच की बायोकेमिस्ट्री एक वर्ष पुढे जाते आणि मग एमकॅट, म्हणजे इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा, तीही. दुसरीकडे, खराब ग्रेड घेऊन कोर्स पुन्हा केलास तर ॲमकास दोन्ही ग्रेड धरते, जुना पुसला जात नाही. म्हणून माझं मत असं की प्रोफेसर जर म्हणाले की फायनलपर्यंत बी ला पोचू शकतेस तर राहा आणि लढ, आणि सी च्याही खाली जायची शक्यता दिसली तर शेवटच्या तारखेच्या आत विथड्रॉ कर. कॉलेजची ती तारीख आत्ताच बघ, ती एकदा गेली की मग काही करता येत नाही.

आता अभ्यास कसा करतेस त्याबद्दल. तू लिहिलंयस की नोट्स तीनदा वाचल्या, फ्लॅशकार्ड केले, रिऍक्शन पाठ आहेत, तरी टेस्टमध्ये सुचत नाही. आपल्याकडे पाढे आणि पाठांतराने आलेली सवय आहे ही, मी पण त्यातलीच, आणि ऍनाटॉमीला ती कामाला येते, ऑर्गोला नाही. ऑर्गोमध्ये प्रत्येक वेळी एकच प्रश्न असतो, इलेक्ट्रॉन कोणाकडे जास्त आहेत आणि ते कुठे जाऊ बघतायत. बाण इलेक्ट्रॉनपासून सुरू होतो आणि ज्याला ते हवेत तिथे संपतो. माझ्या पुतणीने काय केलं सांगते, टपालाने येणाऱ्या जाहिरातींच्या कोऱ्या पाठी जमवल्या, पुस्तक मिटायचं, नुसता सुरुवातीचा आणि शेवटचा मॉलिक्यूल लिहायचा आणि मधले सगळे बाण स्वतः काढायचे, अडलं तर तिथेच थांबून मोठ्याने बोलायचं की मला इथे कळत नाहीये की हा ऑक्सिजन आधी प्रोटॉन का घेतो. तो अडलेला कागद घेऊन ऑफिस अवर्सला जायचं. सर मला ऑर्गो कळत नाही असं सांगून प्रोफेसर काही करू शकत नाहीत, या बाणापाशी अडते म्हटलं की पाच मिनिटांत मार्गी लावतात. दिवसाला असे सहा कागद, रोज, टेस्टच्या आदल्या रात्री साठ नाहीत. तिची दुसऱ्या टेस्टची आणि फायनलची ग्रेड यात दोन पायऱ्यांचा फरक पडला.

ऑफिस अवर्सला जायचं अजून एक कारण म्हणजे पुढे सायन्सच्या प्रोफेसरांची पत्रं लागतात, साधारण दोन सायन्सची आणि एक बाहेरच्या विषयाचं. अडचणीतून वर आलेली मुलगी प्रोफेसरच्या लक्षात राहते. ज्या मुलाबद्दल एका ओळीत ए मिळाला एवढंच लिहिलेलं असतं ती पत्रं मी खूप वाचलीत, त्यांचा काही उपयोग होत नाही.

बाकी कोर्सेस तुला माहीतच असतील, बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक, फिजिक्स लॅबसकट, बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश, प्रत्येक शाळेचं थोडं वेगळं असतं, हायस्कूलच्या एपी क्रेडिटबद्दलही, तेव्हा तुझ्या यादीतल्या शाळांचं तपासून घे. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीचा एकेक कोर्स मात्र टाळू नकोस. 2015 पासून एमकॅटचा एक अख्खा भाग त्यावर आहे, चार भागांतला एक, प्रत्येकाला 118 ते 132 गुण, मिळून 472 ते 528. आपली मुलं सायन्समध्ये चांगली असतात आणि वाचनाच्या कार्स या भागात मार खातात, तिथे पाठ करायला काहीच नसतं, नुसते उतारे. त्याची तयारी आत्तापासून एकच, रोज अर्धा तास आपल्या विषयाबाहेरचं काहीतरी सलग वाचायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

आणि घाई करू नकोस. तिसरं वर्ष संपता संपता अर्ज केलाच पाहिजे असं काही नाही, आता निम्म्याहून जास्त मुलं कॉलेजनंतर किमान एक वर्ष थांबून मेडिकलला जातात. वर्ष वाया गेलं असं आईबाबांना वाटेल, त्यांना हे दाखव. त्या वर्षात स्क्राइब म्हणून काम कर, डॉक्टरच्या मागे उभं राहून नोट लिहायची, पगार थोडा पण शिकणं खूप.

लॅब का थांबव म्हटलं? तुझ्याच शब्दांत तू तिथे आठवड्याला सहा तास बाटल्या धुतेस आणि कोणी काही समजावत नाही. रिसर्च चांगलाच, पण ऑर्गो सावरल्यावर, आणि जिथे तुला प्रश्न विचारता येतील अशा लॅबमध्ये. क्लबचं सेक्रेटरीपद सोडल्याने कुणाचं काही अडणार नाही. मराठी शाळेबद्दल तू लिहिलंयस की ती मोजत नाहीत म्हणून अर्जात घालणार नाही. का नाही? पाच वर्षं दर रविवारी सहा-सात वर्षांच्या मुलांना तू बाराखडी शिकवतेयस, ज्यांना ळ म्हणता येत नाही त्यांच्याकडून तो म्हणवून घेतेयस, न रागावता. मधुमेहाच्या पेशंटला इन्सुलिनची सुई कशी टोचायची हे शिकवताना हेच लागतं. पंधरातली एक जागा त्याला दे, कदाचित तीनातली एक.

शॅडोइंग हा वेगळा प्रकार आहे, व्हॉलंटियरिंगमध्ये धरू नकोस. डॉक्टरच्या मागे गप्प उभं राहून बघायचं, चाळीस-पन्नास तास पुरे, त्यात एखादी फॅमिली मेडिसिनवाली नक्की असू दे. मंडळातल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारायला काही हरकत नाही, पण सगळेच काका-मावशी नकोत.

आता नाशिक. बाबांचा हेतू चांगला आहे पण इथे मी ठाम आहे. एकदा मुलाखतीला एक मुलगा आला होता, आपल्यातलाच, मार्क उत्तम, त्याने उत्साहाने सांगितलं की भारतात नातेवाइकांच्या हॉस्पिटलात त्याने स्वतः टाके घातले, डिलिव्हरीला मदत केली. मी विचारलं, त्या पेशंटला माहीत होतं का की तू डॉक्टर नाहीस? तो गप्प झाला. पुढचा अर्धा तास चांगला गेला तरी आमच्या चर्चेत सगळे त्या एका गोष्टीवरच आले. एएएमसी, म्हणजे इथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, तिच्या मार्गदर्शक सूचना आहेत याबद्दल, इथे तुला जे करू दिलं नसतं ते दुसऱ्या देशातही करायचं नाही. आणि सूचना बाजूला ठेव, त्या टेबलावर खेड्यातून आलेली बाई असते, तिला वाटतं पांढऱ्या कोटातली पोरगी डॉक्टरच असणार, ती काही विचारत नाही. तिचं हे न विचारणं म्हणजे परवानगी नव्हे. काका आग्रह करतील, अगं एक टाका घालून तर बघ, तेव्हा नाही म्हणायची तयारी ठेवून जा. पांढरा कोटही घालू नकोस.

मग तिथे करायचं काय, तर बघायला इतकं आहे की दोन आठवडे कमी पडतील. ओपीडीत पेशंटला विचारून कोपऱ्यात बस. जिथे महात्मा फुले जन आरोग्य योजना चालते तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, परवानगी काढून एक दिवस त्याच्या शेजारी बस, कोण कुठली कागदपत्रं घेऊन येतं, रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून कोणाचं ऑपरेशन थांबतं, ते बघ. इगतपुरी-त्र्यंबककडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसरने होकार दिला तर जा, आशाताईंबरोबर गावात फिर. वही बरोबर ठेवच. आणि परत आल्यावर स्वतःला विचार की पेशंटबरोबर तिथे चार माणसं होती आणि इथे एकही नाही, त्याने उपचारात काय फरक पडतो. याचं तयार उत्तर माझ्याकडेही नाही, पण असा विचार केलेली मुलगी समोर बसली की मला तिच्याशी बोलत राहावंसं वाटतं.

एक बारीक गोष्ट राहिलीच. तू टीबीच्या टेस्टबद्दल विचारलंयस, हातावरची स्किन टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि आता व्हॉलंटियर ऑफिसने एक्स-रे मागितलाय म्हणून आई घाबरलीय. भारतात जन्मलेल्या बऱ्याच मुलांचं असं होतं, लहानपणी दिलेल्या बीसीजीमुळे ती टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची टेस्ट करून घे, क्वांटिफेरॉन म्हणतात, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती निगेटिव्ह आली तर तो कागद आणि कांजिण्या, एमएमआर, हिपॅटायटिस बीचे टायटर, म्हणजे रक्तातली प्रतिकारशक्ती मोजणाऱ्या टेस्टचे रिपोर्ट, हे सगळं एका फाइलमध्ये ठेव, पुढे प्रत्येक हॉस्पिटल तेच मागणार आहे. पॉझिटिव्ह आली तर एक्स-रे काढ आणि तुझ्या डॉक्टरला भेट, छाती स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा तो सुप्त टीबी असतो, काही महिन्यांच्या गोळ्या असतात, तो दुसऱ्याला लागत नाही. आईला हवं तर माझ्याशी बोलायला सांग, शनिवारी दुपारी मी मोकळी असते.